मिरवणे

सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन मी गॅलरीत बसते. परवा अशीच बसले होते. शाळा सुरू होऊन दोनच दिवस झालेले, जून अर्धा सरलेला, पण आभाळात ढगाचा एक तुकडाही नव्हता. तळमजल्यावरचा, यंदा पहिलीत गेलेला मुलगा अंगणात आला. अंगात नवाकोरा पिवळा रेनकोट, टोपी डोक्यावर ओढलेली, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. फाटकापासून पारिजातकापर्यंत तो गेला, तिथे वळला आणि पुन्हा फाटकाकडे आला. पुन्हा पारिजातक. नव्या रेनकोटाची चुरचुर नीट ऐकू यावी म्हणून त्याने हात अंगापासून थोडे लांब धरले होते. प्रत्येक फेरीत खिडक्यांखाली आला की पाऊल हळू पडायचं. मान वर होत नव्हती, डोळे मात्र वर होत होते.

आतून आईचा आवाज आला, "अरे, पाऊस कुठंय? काढ तो आधी, घामाघूम होशील. नुसता मिरवतोय सकाळपासून!"

त्याने काढला नाही. आणि मला तो शब्द दिवसभर पुरला.

मिरवणे. आपण रोज वापरतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्याला बोल लावायला वापरतो. "नवी साडी नेसून मिरवत होती", "पदवी मिरवतो", "मोठ्या घराण्याचं नाव मिरवायचं आणि वागायचं असं". दुसऱ्याने केलं की ते मिरवणं. आपण केलं तर आपण फक्त नवी साडी नेसलेलो असतो.

चालण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. शतपावलीला जेवण जिरवायचं असतं. फेरफटक्याला हवा खायची असते. हिंडण्याला थोडी मोकळीक आहे, भटकण्याला घराचा विसर आहे, आणि उंडारणं म्हटलं की मागून आईची हाक ऐकू येतेच. या सगळ्या चाली एकट्याने चालता येतात. मिरवायला मात्र समोर कोणीतरी लागतं. रिकाम्या अंगणात त्या मुलाने दोन फेऱ्यासुद्धा मारल्या नसत्या. त्याला माहीत होतं की वर गॅलरीत आजी बसलेली आहे.

ऐटीच्या चालीसाठी आपण जे शब्द वापरतो, त्यांतले किती बाहेरून आलेत! नखरा फारसीतून आला. दिमाख म्हणजे अरबीतला दिमाग. जे डोक्यात शिरलं ते मराठीत येईपर्यंत पावलांत उतरलं आणि माणूस दिमाखात चालू लागला. देवाचा छबिना निघतो, त्याच्या पोटात रात्रीसाठीचा फारसी 'शब' आहे. वरात आली संस्कृतातल्या वरयात्रेतून, यात्रेतली बरीच अक्षरं वाटेत सांडत. मिरवणे या शब्दाचं मूळ बघायचं म्हणून मी कोश उघडण्याआधी ज्ञानेश्वरी उघडली, कारण तो तिथे भेटतो हे लहानपणीच्या पाठांतरामुळे कानात होतं.

तो भेटायला फार पानं उलटावी लागत नाहीत. पहिल्या अध्यायातली तिसरीच ओवी. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. गणेशाला वंदन चाललेलं आहे आणि हा गणेश शब्दांचा आहे. सगळं शब्दब्रह्म हीच त्याची मूर्ती, अक्षरं हेच त्याचं निर्दोष शरीर, आणि ते शरीर काय करतं, तर मिरवतं. पुढच्या ओव्यांत अठरा पुराणं त्याच्या अंगावरची रत्नभूषणं होतात, काव्यं आणि नाटकं कमरेच्या घागऱ्या होऊन रुणझुणतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी एक तरुण कवी मराठी भाषेला नटवून लोकांसमोर आणतो, आणि आणताना त्याच्या तोंडी हा शब्द येतो.

या ओवीत चालणं नाही. गणेश जागचा हललेला नाही, रस्ता नाही, गर्दी नाही. तिथे मिरवणं म्हणजे शोभणं, झळकणं, आपल्या रूपात खुलून दिसणं. आंब्याला मोहोर यावा आणि झाड वेगळं दिसू लागावं, तसं. वर मी लिहिलं की मिरवायला बघणारा लागतो. ज्ञानदेवांच्या ओवीपाशी ते मला थोडं मागे घ्यावं लागतं. तिथे आधी तेज आहे आणि मग डोळे. मिरवणाऱ्याने मान ताणलेली नाही, खिडक्यांकडे चोरून पाहिलेलं नाही. जे सुंदर आहे ते दिसतं आहे, एवढंच.

मग झळकणाऱ्या या शब्दाला पाय कसे फुटले? मला वाटतं, त्याला देवळाने घराबाहेर काढलं. गाभाऱ्यातली मूर्ती जागची हलत नाही. वर्षातून एकदा देवाचा मुखवटा किंवा उत्सवमूर्ती पालखीत बसते आणि गावात फिरते. म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या यांच्या दारात देव येतो. आणि ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या वाट्याला देव आला तो असाच, रस्त्यावर आणि लांबून. झळकणारं रूप लोकांपर्यंत न्यायचं तर ते उचलून चालावं लागतं. त्यातून मिरवणूक आली. फसवणूक, अडवणूक, पिळवणूक ही त्याच शेपटाची भावंडं, पण त्या दुखऱ्या रांगेत हा एक शब्द गुलाल लावून उभा आहे.

मराठीने या क्रियापदात एक मोठी सोय ठेवली आहे. आपण मिरवतो, तसं दुसऱ्यालाही मिरवतो. देवाला मिरवतात. नवरदेवाला मिरवतात. कुस्ती मारलेल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन मिरवतात, आणि त्या वेळी खालच्या माणसाचा खांदा दुखत नाही. मला या शब्दाचा हा वापर सगळ्यांत जवळचा आहे, आणि तो मी पहिल्यांदा बैलांच्या संगतीत शिकले.

आजोळी पोळा असे. श्रावणातली अमावास्या. आदल्या संध्याकाळी आजोबा गोठ्यात जात आणि बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळत. जिथे जू बसतं तिथली कातडी टणक आणि बिनकेसांची झालेली असे. अंगठ्याने ते गोल गोल चोळत राहत. बोलत काही नसत. शेवटी बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलाला अहोजाहो करताना त्यांना मी त्या एकाच दिवशी ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी नदीवर आंघोळ. मग शिंगं घासून त्यांना हिंगूळ, वर बेगड, टोकांना गोंडे. अंगावर गेरूचे ठिपके, तेवढं काम आम्हा मुलांकडे. नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. झूल आजीने जुन्या लुगड्यांच्या काठांची शिवलेली होती. तिच्यावरच्या आरशांतले दोन गळून पडले होते आणि तिथे तिने बटणं लावली होती.

दोन बैलांतला एक म्हातारा होता. मागचा उजवा पाय ओढायचा. नांगराला त्याला जुंपणं दोन वर्षांपूर्वीच थांबलं होतं. एका वर्षी मामा म्हणाला, "दादा, याला राहू द्या घरी. वेशीपर्यंत जायला अर्धा दिवस लावंल." आजोबा झुलीचे बंद बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "लावू दे की. आज कुठं नांगर धरायचाय?"

आणि त्याने खरंच वेळ लावला. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण, तिथे सगळ्या गावचे बैल, हलगी वाजतेय, धूळ उडतेय. आमचा बैल तीन पावलं टाकायचा आणि थांबायचा. थांबला की माळेतले घुंगरू एकदम गप्प व्हायचे, आणि निघाला की पुन्हा सुरू. आजोबांनी कासरा एकदाही ओढला नाही. मागचे लोक आम्हाला ओलांडून गेले. मारुतीच्या देवळाला वळसा घालून आम्ही परत आलो, तेव्हा बायका आरतीचं ताट घेऊन दारात ताटकळल्या होत्या. आजीने त्या पायांवर पाणी घातलं, दुखऱ्या पायावर जरा जास्त, आणि पुरणपोळी त्याच्या तोंडापुढे धरली.

त्या बैलाचं सगळं आयुष्य चालण्यात गेलं होतं. तासामागून तास, मानेवर जू, मागे फाळ. त्या सगळ्या चालण्याला काहीतरी ओढून न्यायचं होतं. पोळ्याच्या दिवशी तोच रस्ता, तेच पाय, पण मागे काही नाही. गोठ्यातून निघायचं, गावाला दिसायचं आणि गोठ्यात परत यायचं. मिरवणं म्हणजे ओझ्याशिवायचं चालणं, ही व्याख्या कोशात नसेल. मी ती त्या झुलीखाली चालणाऱ्या जनावराकडून घेतली आहे.

याच शब्दाची एक काळी सावली आहे. धिंड. रस्ता तोच, वाद्यं तीच, दुतर्फा माणसं तीच. गुलालाच्या जागी काळं, हाराच्या जागी खेटरं, घोड्याच्या जागी गाढव. मिरवणुकीतला माणूस उंच दिसावा म्हणून त्याला वर बसवतात, धिंडेतल्यालाही वर बसवतात, आणि कारण तेच, सगळ्यांना दिसावा.

पुण्याने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहिल्या आहेत. 1875 साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, त्यांची व्याख्यानं झाली, आणि शेवटी महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या मित्रांनी त्यांना हत्तीवरून मिरवायचं ठरवलं. विरोधकांनी त्याला उत्तर म्हणून गाढव सजवलं, त्याला गर्दभानंद असं नाव दिलं आणि त्याची मिरवणूक काढली. स्वामींच्या मिरवणुकीवर चिखल उडाला, दगड आले. जोतीराव फुले आपली माणसं घेऊन संरक्षणाला उभे राहिले. फुल्यांचे आणि दयानंदांचे विचार सगळे जुळणारे नव्हते. तरीही ते आले. एखाद्याला सन्मानाने रस्त्यावरून चालता यावं, एवढ्याचसाठी येणं मला फार मोठं वाटतं. त्या गाढवाचाही विचार मनात येतो. त्याला दोन्ही बाजूंचं काही देणंघेणं नव्हतं आणि हसणं मात्र त्याच्या नावावर जमा झालं.

रस्त्यावर कोणी कसं दिसायचं, हे ठरवणं ही फार जुनी सत्ता आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या आपल्या जातिनिर्मूलनाच्या पुस्तकात इंदूर भागातल्या बलाई समाजावर लादलेल्या नियमांची यादी दिली आहे. 1928 सालची ही गोष्ट. पुरुषांनी जरीकाठी पगडी घालायची नाही. धोतराला रंगीत किंवा नक्षीदार काठ असता कामा नये. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पाणी, जमीन, मजुरी यांच्या शेजारी धोतराचा काठ बघून थांबले होते. एका बोटभर रंगीत काठाची कोणाला भीती वाटावी? पण नियम करणाऱ्यांना माणसाचं मन नीट ठाऊक होतं. काठ आला की मान वर होते, मान वर झाली की पाऊल बदलतं, आणि बदललेलं पाऊल रस्त्याच्या कडेने जात नाही.

महाडला 1927 च्या डिसेंबरात, मनुस्मृती जाळल्यानंतर, बाबासाहेब तिथे जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले. अस्पृश्यतेची खूण सांगणारं लुगडं नेसण्याचं वळण सोडा, असं त्यांनी सांगितलं. चांदीच्या आणि कथलाच्या दागिन्यांचे थर उतरवा, नीटनेटकं, पायघोळ लुगडं नेसा. बायकांनी ऐकलं आणि लगेच नेसण बदलली. मी कितीदा तरी ते दृश्य डोळ्यांपुढे आणते. कोणीतरी दुसरीच्या निऱ्या धरल्या असतील, कोणी काठ टाचेपर्यंत ओढून पाहिला असेल. मग त्या बाहेर आल्या असतील आणि चालल्या असतील. दहाच पावलं, मांडवापासून विहिरीपर्यंत किंवा बैलगाडीपर्यंत. त्या दहा पावलांना ज्ञानदेवांचाच शब्द लावावासा वाटतो. आजही कुठे कुठे दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याची बातमी येते, आणि ती वाचताना कळतं की ती यादी अजून कुणीतरी घडी करून खिशात ठेवली आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर "मिरवू नकोस" हे मी तेराव्या वर्षी ऐकलं. दिवाळीला निळ्या मखमलीच्या पट्ट्यांच्या चपला मिळाल्या होत्या. त्या घालून मी आमच्या आळीतून वाण्याच्या दुकानापर्यंत गेले, मीठ आणायला. येताना मुद्दाम लांबची वाट धरली. कोपऱ्यावर काकू भेटल्या. त्या घरी येऊन आईला म्हणाल्या, "पोरगी फार मिरवायला लागली हो." आईने मला काही विचारलं नाही. त्या चपला कपाटावर गेल्या. खाली आल्या तोवर पाय मोठे झाले होते.

आईचा राग मला कधी आला नाही. तिच्या ट्रंकेत एक जांभळा शालू होता, लग्नातला. दर वर्षी मे महिन्यात ती तो उन्हात घालायची, घड्या मोडून नव्या घालायची, म्हणजे जर तुटत नाही. सांभाळून त्या घड्यांवरून हात फिरवायची. मी विचारायची, "आई, नेसत का नाहीस गं?" ती म्हणायची, "कुठं मिरवायचंय आता?" तेव्हा ती पस्तिशीची असेल. आज हिशेब करते तेव्हा ते 'आता' मला टोचतं. शालू उन्हात पडलेला असायचा, गच्चीभर जांभळा उजेड व्हायचा, आणि त्या उजेडात ती जुन्या सुती पातळात वाळवण राखत बसलेली असायची.

मिरवण्याची वाईट रूपं मला दिसत नाहीत असं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ घालणारं मिरवणं असतं. कर्ज काढून केलेल्या लग्नांतलं मिरवणं पोरीच्या बापाला वाकवतं. कानठळ्या बसवणाऱ्या भिंतींपुढे नाचताना तर पाठीमागच्या गाडीत देव आहे याचीच आठवण राहत नाही. पण असल्या मिरवण्याला समोरचा माणूस छोटा व्हायला हवा असतो, म्हातारा बैल मिरवला तेव्हा गावात कोणी छोटं झालं नव्हतं. वारीला आपल्याकडे कोणी मिरवणूक म्हणत नाही. लाखो माणसं, पालखी, अब्दागिरी, घोडा, सगळं असूनही ती दिंडी आणि तो सोहळाच. तिथे चालणाऱ्याचे डोळे बघणाऱ्यांकडे नसतात. भाषा हे फरक कोणी न शिकवता पाळते.

तर, तो रेनकोट. पावणेसातच्या सुमाराला आई दप्तर आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. ओला हात तिने पदराला पुसला, त्याच्यापुढे वाकली, आणि मला वाटलं आता बटणं सुटणार. तिने टोपी सरळ केली, कपाळावरचे घामाने चिकटलेले केस आत सारले आणि गळ्याचं सुटलेलं एक बटण लावलं.

"चल," ती म्हणाली, "हो पुढे."

फाटकाशी दूधवाला सायकल आडवी लावून उभा होता, त्याने ती बाजूला घेतली. मुलाने वर पाहिलं, या वेळी मान वर करून. मी कप खाली ठेवून हात हलवला. रस्त्यावर कोवळं ऊन पडलं होतं आणि त्याच्या मधोमध तो पिवळा रेनकोट चुरचुरत निघाला होता, मागे दोन पावलांवर दप्तर घेतलेली आई, पुढे जाण्याची जराही घाई न करणारी.